कामटीपासून संगणकापर्यंत : वक्ररेषा दुरुस्त करण्याचा इतिहास

१९९०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. विश्रामबागेत राहणारा आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी संगणकावर काढलेले आपले पहिले मोठे ड्रॉइंग घेऊन पॅटर्न करणाऱ्या एका मिस्त्रींकडे निघाला होता. आम्हीही बरोबर गेलो. ड्रॉइंग पंपाच्या आवरणाचे होते. पंपाचे हे आवरण गोगलगायीच्या शंखासारखे असते. त्याची पोकळी एका बाजूने रुंदावत जाते. मिस्त्रींनी पूर्ण मापाची प्रिंट पत्र्यावर चिकटवली, पत्रा कापला, कड कानशीने साफ केली. मग डोळे मिटून त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, हितं हात दचकतोय बघा. आणि हितं. कागदावर दिसत न्हाई, पण हाय."

विद्यार्थ्याला हे पटेना. रेषा हाताने काढलेली नव्हती, संगणकाने काढली होती. आम्ही मापे तपासली. गणिताने काढलेले सगळे बिंदू अचूक जागी होते आणि रेषा प्रत्येक बिंदूतून जात होती. कोठेही कोन पडला नव्हता. तरीही मिस्त्रींचे म्हणणे खरे होते. ते खरे का होते, हे आम्हाला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

विश्रामबाग सांगली आणि मिरज यांच्या मध्ये आहे. १९१९ साली येथे विलिंग्डन महाविद्यालय निघाले, १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय. हे दुसरे महाविद्यालय १९५५ पासून वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग शीटची नळी घेऊन सायकलवरून जाणारी मुले हे या रस्त्यावरचे अनेक वर्षांचे दृश्य होते. पहिल्या वर्षाला अभियांत्रिकी चित्रकला शिकलेल्या कोणालाही चक्रज, अंतर्वलित, सर्पिल या आकृत्या विसरता येणार नाहीत. आठ-दहा बिंदू काढायचे, मग फ्रेंच कर्व्ह नावाची ती वळणावळणाची पट्टी फिरवून फिरवून ते जोडायचे. या कामात एक नियम सांगितला जाई. पट्टी किमान तीन-चार बिंदूंवर बसली पाहिजे, पण रेषा त्यातील मधल्या भागापुरतीच ओढायची. पुढच्या वेळी पट्टी लावताना आधीच्या रेषेचा काही भाग पुन्हा पट्टीखाली आला पाहिजे. हा नियम न पाळणाऱ्याच्या शीटवर सांधे दिसत. आमच्या शीटवर ते भरपूर दिसले आहेत.

पण खरा त्रास रेषा काढण्याचा नव्हता, ती बदलण्याचा होता. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली रेषा बदलायची म्हणजे ब्लेडने ती हळूहळू खरवडायची, खरवडलेली जागा नखाने घोटायची आणि पुन्हा काढायची. सरळ रेषेचे एक टोक हलवले तर तेवढीच रेषा बदलते. वक्ररेषेचा एक बिंदू दोन मिलिमीटर वर घेतला तर मात्र शेजारच्या भागाशी तिचे जुळत नाही. तो भाग बदलावा तर त्याच्या शेजारचा बिघडतो. शेवटी सगळी रेषा नव्याने काढणे सोपे पडते. गुळगुळीत रेषा काढण्याची युक्ती माणसाला फार पूर्वी सापडली होती. ती न बिघडवता थोडीशी बदलण्याची युक्ती सापडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

गुळगुळीत म्हणजे तरी काय? सुतार कमान आखताना बांबूची कामटी दोन-तीन खिळ्यांमध्ये वाकवून धरतो आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवतो. पतंगाच्या कमानीलाही हीच कामटी. कामटीने काढलेले वळण डोळ्याला गोड लागते, कारण ती कोठेही एकदम वळत नाही. वाकवलेल्या पट्टीत ऊर्जा साठते आणि खिळ्यांच्या अटी सांभाळून ही ऊर्जा कमीतकमी राहील असा आकार ती आपोआप घेते. वळण फार मोठे नसेल तर दोन खिळ्यांमधील तिचा आकार त्रिघाती बहुपदीने मांडता येतो. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना बहुपदी वेगवेगळी असते, पण खिळ्यापाशी दोन्हींची स्पर्शिका एकच असते, आणि विशेष म्हणजे वक्रताही एकच असते.

वक्रतेचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. एक सरळ रेषा घ्या आणि तिला एका वर्तुळाचा कंस स्पर्शिकेत जोडा. कोन कोठेच नाही. तरीही सरळ रेषेची वक्रता शून्य आणि कंसाची वक्रता काहीतरी ठरावीक, म्हणजे सांध्यावर वक्रता एकदम उडी मारते. असा रूळ टाकला तर गाडी त्या ठिकाणी हिसका देईल. म्हणूनच रेल्वेचे अभियंते सरळ रूळ आणि वर्तुळाकार वळण यांच्या मध्ये एक संक्रमण-वळण घालतात. त्यात वक्रता शून्यापासून हळूहळू वाढत जाते. भारतीय रेल्वेत यासाठी घन अन्वस्त वापरला जातो. मिरज जंक्शनकडे येणाऱ्या गाडीत बसून आपण चहा न सांडता पिऊ शकतो, त्याचे थोडे श्रेय या अन्वस्ताला आहे.

डोळ्याला ही उडी दिसतेच असे नाही, पण हाताला आणि कानाला ती कळते. विश्रामबागेपासून काही किलोमीटरवरच्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरे बनतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतरता बाक असतो आणि कंप पावणारी तार त्या बाकाला किंचित घासत राहते. तंबोऱ्याचा भरलेला स्वर त्यातून येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच बाकाचा विचार केला आहे. जवारी लावणारा कारागीर कानशीचा एकेक हात मारतो आणि तार छेडून पाहतो. येथे बाक चुकला तर शेजारून जुळवून घ्यायला जागा नाही. घासलेले परत येत नाही. जवारी हे वक्ररेषा दुरुस्त करण्याचे बहुधा सर्वांत नाजूक काम असावे, आणि त्यात मागे फिरण्याची सोय अजिबात नाही.

मोठ्या प्रमाणावर वक्ररेषा दुरुस्त करण्याचे काम जहाज बांधणाऱ्यांकडे होते. जहाजाच्या पोटाचे आडवे-उभे छेद एका भल्यामोठ्या माळ्याच्या जमिनीवर खऱ्या मापात आखले जात. लांब लवचीक लाकडी पट्टी जमिनीवर ठेवायची आणि ठिकठिकाणी शिशाची वजने ठेवून तिला आकार द्यायचा. चोच असलेल्या या वजनांना इंग्रज कारागीर बदके म्हणत, आणि पट्टीला स्प्लाइन. वळण पसंत पडले नाही तर एक बदक उचलायचे, पट्टीला मोकळे होऊ द्यायचे, मग थोडे सरकवून पुन्हा ठेवायचे. पट्टी बाकीचे जुळवून घेते. आज संगणकावर आपण माऊसने बिंदू ओढतो ते याच बदकाचे नवे रूप आहे.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. वळण जमिनीवर असे आणि ते दुसरीकडे न्यायचे तर नकाशा काढून न्यावा लागे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजातून निघाले होते ते जावा नावाचे जहाज १८१२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जिंकून नष्ट केले. नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईत थांबण्यावाचून इलाज नव्हता. ट्रिंकोमाली अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे. वळण आकड्यांत लिहिता आले असते तर ते एका पत्रात मावले असते.

आपल्या भागात हा प्रश्न नांगराच्या रूपाने आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. जे. जे. स्कूलमध्ये असताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले. रंग सुटले, पण यंत्रांची रेखाकृती राहिली, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावात आणि १९१० पासून किर्लोस्करवाडीत त्यांनी लोखंडी नांगर केले. लाकडी नांगर जमीन फाडतो. लोखंडी नांगर माती उचलून उलटी करतो, आणि हे काम त्याच्या फाळामागचा पिळदार पत्रा करतो. त्या पत्र्याचा बाक जरा चुकला की माती चिकटते आणि बैलांवर ओढ येते. किर्लोस्करवाडी नंतर पंपांसाठी प्रसिद्ध झाली, आणि पंपात तर आवरण, पंख, पाण्याची वाट हे सगळेच वक्र. कागदावरून पत्र्याचा फर्मा, फर्म्यावरून लाकडी पॅटर्न, पॅटर्नवरून वाळूचा साचा, साच्यातून ओतीव. प्रत्येक पायरीवर वळण थोडे थोडे बदलते. मग मूळ वळण कोणते, कागदावरचे की पॅटर्नवरचे? कारखान्यात भांडण झाले की मिस्त्रीचा फर्मा जिंकत असे. सांगली-कोल्हापूरकडच्या कोणत्याही फाउंड्रीत जुन्या माणसांना विचारून पाहावे.

हेच भांडण पॅरिसच्या मोटार कारखान्यांतही होते, फक्त तेथे मातीच्या मॉडेलवरून होते. १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र चालवून दाखवले होते. यंत्राला फर्मा कळत नाही, त्याला आकडे लागतात. तेव्हा मोटारीच्या दाराचे वळण आकड्यांत कसे सांगायचे, हा प्रश्न टाळता येईनासा झाला.

सरळ उपाय असा दिसतो की वळणावरचे पुष्कळ बिंदू मोजावेत आणि त्या सर्वांतून जाणारी एक बहुपदी काढावी. दिलेल्या आकड्यांच्या मधले आकडे काढण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६६५ सालच्या 'खण्डखाद्यक' ग्रंथात ज्यांच्या कोष्टकासाठी दुसऱ्या फरकांचा उपयोग केला आहे. पण बिंदू वाढवत गेले की बहुपदीचा घात वाढतो आणि ती टोकांकडे वेड्यासारखी हेलकावे घेऊ लागते, हे १९०१ साली कार्ल रुंगे यांनी दाखवून दिले होते. शिवाय एक बिंदू हलवला की रेषा टोकापासून टोकापर्यंत हलते. दुरुस्तीसाठी हे साधन निरुपयोगी. वर्तुळ, विवृत्त, अन्वस्त हे शांकव एकमेकांना जोडून काम भागवण्याचा मार्ग रॉय लायमिंग यांनी दुसऱ्या महायुद्धात मस्टँग विमानासाठी यशस्वी केला. पण बदल करायचा म्हटले की त्यातही गणित पुन्हा मांडावे लागे.

१९५८ साली पॉल द कास्टेलज्यो नावाचे तरुण गणिती सित्रोएन कंपनीत लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक युक्ती मांडली. रेषा बिंदूंतून नेण्याचा हट्ट सोडून द्यायचा. बिंदू रेषेच्या बाहेर ठेवायचे आणि त्यांनी रेषेला नुसते आपल्याकडे ओढायचे. रचना इतकी साधी आहे की ती सातवीच्या वर्गातही करता येते. आलेखाचा कागद घ्या आणि चार बिंदू मांडा: अ (०, ०), ब (०, ८), क (८, ८), ड (८, ०). अब, बक, कड या रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा. ते (०, ४), (४, ८) आणि (८, ४) येतील. हे तीन क्रमाने जोडून पुन्हा मध्यबिंदू काढा: (२, ६) आणि (६, ६). त्यांचा मध्यबिंदू (४, ६). हा झाला वक्ररेषेवरचा बिंदू. मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक-तृतीयांशावर किंवा एक-चतुर्थांशावर खूण केली की रेषेवरचे इतर बिंदू मिळतात. रेषा अ पासून निघते आणि ड ला पोहोचते, ब आणि क यांच्या दिशेने झुकते पण त्यांना शिवत नाही. मुले खिळ्यांना दोरे बांधून जी नक्षी करतात तीही तीन बिंदूंची हीच रचना आहे आणि तिच्यातून अन्वस्त उमटतो.

आता दुरुस्ती करू. ब उचलून (०, १६) वर ठेवा आणि तेच मध्यबिंदू पुन्हा काढा. उत्तर (४, ९) येईल. ब आठ एकक वर गेला, रेषेचा मध्य तीनच एकक वर गेला. आठास तीन हे प्रमाण योगायोगाने आलेले नाही. मध्यावर चार बिंदूंचे वजन अनुक्रमे १/८, ३/८, ३/८, १/८ असते, म्हणजे तीन नाणी उडवल्यावर शून्य, एक, दोन, तीन छापे पडण्याची संभाव्यता. १, ३, ३, १ ही आपल्या मेरुप्रस्ताराची ओळ. वजने सर्व धन आणि त्यांची बेरीज एक, म्हणून रेषा चार बिंदूंच्या कुंपणाबाहेर कधीच जात नाही आणि उगाच हेलकावे घेत नाही. माऊसने ओढताना रेषा जी शहाण्यासारखी वागते, त्याचे सगळे कारण या ओळीत आहे.

एवढेच नाही. मघाच्या पहिल्या आकडेमोडीतले बिंदू पुन्हा पाहा. (०, ०), (०, ४), (२, ६), (४, ६) हे चार घेतले तर त्यांच्यापासून मूळ रेषेचा डावा अर्धा भाग जसाच्या तसा मिळतो, आणि (४, ६), (६, ६), (८, ४), (८, ०) यांच्यापासून उजवा. म्हणजे रेषा न बदलता तिचे दोन तुकडे झाले आणि एका तुकड्यावर स्वतंत्र काम करता येऊ लागले. फळ्यावर हे करून दाखवले की मुलांना शंका येते: मग दोन तुकडे जोडताना काय पाहायचे? सांध्याच्या अलीकडचा बिंदू, सांधा आणि पलीकडचा बिंदू एका सरळ रेषेत असले की स्पर्शिका जुळते. येथे (२, ६), (४, ६), (६, ६) एका रेषेत आहेतच. वक्रता जुळण्यासाठी मात्र आणखी एकेक बिंदू मागे जाऊन अट घालावी लागते.

सित्रोएनने हे काम गुप्त ठेवले. त्याच शहरात रेनॉ कंपनीत पिएर बेझिए (१९१०–१९९९) हे उत्पादन विभागातील अभियंते १९६०च्या सुमारास त्याच रेषांपर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचले. त्यांची युनिसर्फ ही पद्धत १९६८ पासून रेनॉत नियमित वापरात आली, आणि त्यांना आपले काम प्रसिद्ध करण्याची मुभा होती. १९७०च्या सुमारास केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्ट यांच्या लक्षात आले की या रेषांमागचे गणित म्हणजे १९१२ साली सर्गेई बर्नस्टाइन यांनी एका शुद्ध गणिती सिद्धतेसाठी वापरलेल्या बहुपदी आहेत. बर्नस्टाइनच्या बहुपदी व्यवहारात कूर्मगतीने उत्तर देतात म्हणून गणिती त्यांना निरुपयोगी समजत. आकार घडवणाऱ्याला मात्र हा संथपणाच हवा होता. द कास्टेलज्यो यांच्या टिपणांच्या प्रती जर्मन गणिती वोल्फगांग ब्योम यांच्या हाती १९७५ साली पडल्या, तोपर्यंत रेषांना बेझिए हे नाव पक्के चिकटले होते.

बेझिए रेषेतही एक अडचण उरते. लांब वळणाला बिंदू वाढवले तर पुन्हा घात वाढतो, आणि एक बिंदू हलवला तर सगळी रेषा थोडीथोडी हलते. यावर तोड निघाली ती पुन्हा जुन्या कामटीत. मूळचे रुमानियाचे आयझॅक शोएनबर्ग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके गुळगुळीत करण्याच्या कामावर होते. तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या बहुपदींचा १९४६ साली त्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांना कारागिरांच्या पट्टीचेच नाव दिले, स्प्लाइन. १९७२ मध्ये कार्ल द बूर आणि मॉरिस कॉक्स यांनी त्यांची आकडेमोड करण्याची भरवशाची रीत दिली, आणि १९७३ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातील रिचर्ड रीझनफेल्ड यांनी आपल्या प्रबंधात बेझिएची कल्पना व ही स्प्लाइन यांची सांगड घातली. या बी-स्प्लाइनचा त्रिघाती प्रकार घेतला तर रेषेचा प्रत्येक तुकडा फक्त चार बिंदूंवर अवलंबून असतो आणि शेजारचा तुकडा त्यांपैकी तीन बिंदू सामाईक वापरतो. पंगतीत एकाला थोडे सरकायला सांगितले की जवळची दोन-चार माणसे हलतात, टोकाला बसलेल्याच्या पानावरची वाटीसुद्धा हलत नाही, तसे हे आहे. मधला एक बिंदू ओढला तर चार तुकडे बदलतात आणि सर्व सांध्यांवर वक्रता आपोआप जुळलेली राहते. फ्रेंच कर्व्ह लावताना आधीचा भाग पुन्हा पट्टीखाली घ्यायचा, हा ड्रॉइंग हॉलमधला नियम येथे गणित होऊन आला आहे.

बहुपदीने वर्तुळ काढता येत नाही, जवळ जाता येते. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये तर वर्तुळाशिवाय पान हलत नाही. सिराक्यूजच्याच केनेथ व्हर्स्प्रिल यांनी १९७५ साली प्रत्येक बिंदूला वेगळे वजन देऊन आणि भागाकार करून हे साधले. नर्ब्ज या नावाने आज सर्वत्र चालणारी रेषा ती हीच. ब्योम यांनी १९८० मध्ये दिलेली एक रीत दुरुस्ती करणाऱ्याला फार उपयोगी आहे: रेषेला धक्का न लावता तिच्यावर नवा नियंत्रण बिंदू वाढवता येतो. आधी बिंदू वाढवायचा, मग तो ओढायचा.

आपल्याकडे हे विषय दूरचे होते असे समजू नये. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधील संगणक केंद्रात पी. ए. कोपरकर आणि एस. पी. मुदूर यांनी १९८३ साली अशा वक्ररेषांवर काम करण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. दोन वक्ररेषा एकमेकींना कोठे छेदतात हे शोधणे संगणकाला अवघड जाते. त्यांची युक्ती अशी: रेषेची स्पर्शिका जेथे आडवी किंवा उभी होते तेथे तिचे तुकडे करायचे. अशा प्रत्येक तुकड्याची दोन टोके घेतली की तो तुकडा कोणत्या आयतात बसतो हे आपोआप कळते. जे आयत एकमेकांना शिवत नाहीत ते सोडून द्यायचे, जे शिवतात त्यांतील तुकडे पुन्हा निम्मे करायचे. या केंद्रातूनच १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था झाली. सुलेखनकार र. कृ. जोशी पुढे तेथे अक्षरांच्या वळणांवर काम करीत होते. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी टंक त्यांचा. त्यातला 'ळ' किंवा 'श' संगणकात चित्र म्हणून ठेवलेला नाही. तो नियंत्रण बिंदूंची एक यादी आहे, आणि आकार लहान-मोठा करताना तीच यादी पुन्हा रेखाटली जाते.

मग आमच्या विद्यार्थ्याचे काय चुकले होते? ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या लहान कारखान्यांत पोहोचले. नर्ब्ज रेषा त्यात १९९४ सालच्या तेराव्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत, आणि सवयीने नंतरही, लोक सरळ तुकड्यांची रेषा काढून ती पीएडिट या आज्ञेने गोल करीत. या आज्ञेत फिट आणि स्प्लाइन असे दोन पर्याय असतात. फिट घेतले की रेषा प्रत्येक बिंदूतून जाते, कारण दर दोन बिंदूंच्या मध्ये वर्तुळाचे दोन कंस स्पर्शिकेत जोडले जातात. स्प्लाइन घेतले की बी-स्प्लाइन मिळते, पण ती मधल्या बिंदूंच्या जवळून जाते, त्यांतून नाही. विद्यार्थ्याला आपले बिंदू प्रिय होते, म्हणून त्याने फिट घेतले. प्रत्येक सांध्यावर स्पर्शिका जुळली होती आणि वक्रता उडी मारत होती. मिस्त्रींच्या अंगठ्याला ज्या जागा सापडल्या त्यांतल्या दोन बरोबर सांध्यांवर निघाल्या. रूळ आणि संक्रमण-वळण यांचा धडा त्याने दहावीनंतर वाचलेला असणार, पण तो पंपाच्या आवरणाला लागू पडतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

आजच्या ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरमध्ये रेषा निवडली की दोन प्रकारचे बिंदू मागता येतात: रेषेवर बसलेले आणि रेषेबाहेर चौकटीसारखे उभे असलेले. नवशिका हमखास पहिले घेतो, पुष्कळ घेतो, आणि एकेक करून ओढत बसतो. जुना हात दुसरे घेतो आणि शक्य तितके थोडे ठेवतो. बदके कमी तेवढी पट्टी मोकळी. काही सॉफ्टवेअरमध्ये वक्रतेचा कंगवाही दाखवता येतो. रेषेच्या प्रत्येक बिंदूवर लंब दिशेने एक काटा उभा राहतो आणि त्याची लांबी तेथील वक्रतेइतकी असते. चांगल्या रेषेचा कंगवा डोंगराच्या उतारासारखा दिसतो; फिटने काढलेल्या रेषेचा कंगवा पायऱ्यांसारखा. त्या जुन्या ड्रॉइंगमधले बिंदू घेऊन आम्ही काही वर्षांनी असा कंगवा काढून पाहिला. पायऱ्या स्पष्ट दिसल्या. छापील कागद घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे अंगठ्याचंच चित्र काढलंय की ह्यानं."

द कास्टेलज्यो यांना आपले काम स्वतःच्या नावाने छापायला १९८५ साल उजाडले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, २०१२ मध्ये, या विषयातील संशोधकांच्या संघटनेने त्यांना आपला पुरस्कार दिला. पुरस्काराचे नाव पिएर बेझिए पुरस्कार.